कोऱ्या कागदावरचा अंगठा

पुणे जिल्ह्यातलं सुपे हे जुनं बाजारगाव. १२ मे १८७५ रोजी भोवतालच्या गावचे कुणबी तिथं जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लूट झाली, जाळपोळही झाली. पण लोकांची मुख्य मागणी एकच होती, ‘आमचे रोखे द्या, वह्या द्या!’ हाती आलेले कागद त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं.

कागदावर एवढा राग कशापायी? १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. साध्या रोख्यावर तीन वर्षांनंतर दावा चालेना. कायदा कुळाच्या सोयीचा. पण सावकारानं त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा करायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचं. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावं. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरलं, तर न फेडलेल्या १०० रुपयांचे तीन वर्षांत १७२ होतात, सहा वर्षांत २९६ च्या घरात जातात आणि नऊ वर्षांत ५०० च्या वर! कुळाला वाचता येत नव्हतं. कागदात काय लिहिलंय हे न कळताच तो निशाणी करून मोकळा होई.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यात शहाणपणाची एक गोष्ट होती. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोरच व्हावा, तो मोठ्यानं वाचून दाखवावा, मगच सही-निशाणी घ्यावी. दिलेल्या पैशाची पावती मागण्याचा हक्कही कुळाला मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी कहाणी आज कशाला? मंडळी, कागद गेला, अंगठा राहिला! मोबाईलवर येणारा ओटीपी आणि तुमचा पिन हीच आजची निशाणी. ‘बँकेतून बोलतोय, आकडा सांगा’ असं कुणी म्हणालं, की समजावं, हा कोऱ्या कागदावर अंगठा मागतोय. पैसे आपल्याकडे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ‘डिजिटल अटक’ म्हणून कुणी भेडसावलं, तर तशी अटक आपल्या कायद्यात नाहीच, हे ध्यानात ठेवा आणि फोन बंद करा.

तरीही फसगत झालीच, तर लाजून घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा, बँकेलाही सांगा. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तो अडवता आला तर येतो. म्हणून इथं घटकेघटकेला किंमत आहे.

सुप्याच्या लोकांना जाळायला निदान कागद तरी होता. आपल्यापाशी तोही नाही. तेव्हा १८७९ चा धडा आपणच गिरवू या: आधी मोठ्यानं वाचायचं, घरच्यांना ऐकवायचं, मग अंगठा!