एक आई, चार लेख



बाप्तिस्म्याची नोंद करताना आईबाप हळूच विचारतात, "मराठी नाव ठेवलं तर चालेल ना? ख्रिस्ती वाटेल ना?" हा प्रश्न जुना आहे. सिसिली बेटावर तो नऊशे वर्षांपूर्वीही होता.

सिसिलीतले पालेर्मो शहर 831 मध्ये अरबांनी जिंकले आणि 1072 मध्ये नॉर्मनांनी. म्हणून राजा दुसरा रॉजर (1130 ते 1154) याच्या दरबारात ग्रीक, अरबी व लॅटिन या तिन्ही भाषा चालत. माणसांची नावेही एका भाषेतून दुसरीत जात. रॉजरचा एक मोठा सरदार ग्रीकमध्ये ख्रिस्तोदुलोस, म्हणजे 'ख्रिस्ताचा दास'. अरबी लेखक त्यालाच 'अब्द अर्-रहमान अल्-नस्रानी' म्हणत, म्हणजे 'दयावंताचा दास, तो ख्रिस्ती'. भाषा बदलली, तरी दासपण तेच राहिले. आपल्याकडचे ख्रिस्तदास, येशूदास याच घडणीचे.

पण नाव म्हणजे श्रद्धेचा दाखला नव्हे. 1184 च्या सुमारास इब्न जुबैर या मुसलमान प्रवाशाला मेसिना शहरात एक राजसेवक भेटला. नाव अब्द अल्-मसीह, 'मसीहाचा दास'. मनातून मात्र तो मुसलमान होता आणि भीतीपोटी ते लपवून राही. त्याला पाहून दोष देण्याआधी त्याची कोंडी समजून घ्यावी. नुसत्या नावाच्या सक्तीने अंतःकरण जिंकता येत नाही.

याच पालेर्मोत ग्रिसांदुस नावाच्या राजाच्या धर्मगुरूने 1149 मध्ये आपली आई आन्ना हिच्यासाठी स्मृतिशिळा बसवली. तिच्यावर चार लेख आहेत: लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. प्रत्येकात आन्नाच आहे, फक्त अक्षरे वेगळी. अरबी लेखात तर हे वाचून तिच्यासाठी दया मागणाऱ्यावरही देवाने दया करावी, अशी प्रार्थना आहे. शेजारी कोणत्याही भाषेचा असो, त्याने आईसाठी प्रार्थना करावी, एवढेच मुलाला हवे होते.

चर्चचा नियमही (कॅनन 855) एवढेच सांगतो, की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. ते परदेशी असावे, असे त्यात कुठेही नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. तेव्हा आईबापांनो, बाळाला ज्या भाषेत जोजवता, त्या भाषेतले नाव निःशंक ठेवा. मात्र त्या नावाचा अर्थ त्याला घरी, प्रार्थनेच्या वेळी, नक्की सांगा.