बाहरोटच्या डोंगरावरील अग्नि

डहाणूच्या उत्तरेस, बोर्डीजवळ, बाहरोटचा डोंगर आहे. तेथील कातळांतल्या गुहांत पारशांच्या ‘इराणशहा’ या पवित्र अग्नीनें आश्रय घेतला होता.

हा अग्नि आतश बेहराम, म्हणजे विजयाच्या देवतेचें नांव धारण करणारा. इराणांतून आलेल्या पारशांनीं तो संजाण येथें स्थापिला. बहमन कैकोबादानें १६०० सालीं रचिलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’ या फारसी काव्यांत पुढील हकीकत येते. सुलतान महमूदाचा सरदार अलफखान संजाणावर चालून आला, तेव्हां हिंदु राजाच्या साह्यास अर्देशीराच्या हाताखालीं १४०० पारशी उभे राहिले. पहिली झुंज जिंकली. दुसऱ्या झुंजींत अर्देशीर पडला आणि संजाण गेलें.

विजयदेवतेचा अग्नि आपलें रक्षण आपणच करील, असें म्हणून तो जागींच ठेवतां आला असता. श्रद्धेच्या नांवाखालीं देवाला असा कसोटीस लावणारे कोणत्या धर्मांत नाहींत? पारशांनीं मात्र अग्नि उचलला आणि डोंगर गांठला. ही श्रद्धेंतील उणीव खचितच नव्हे. अशा अग्नीस अहोरात्रांत पांच वेळां विधिपूर्वक काष्ठ अर्पण करावें लागतें. आणि कोंकणच्या पावसांत कोरडें लांकूड राखणें म्हणजे काय, हें गृहिणींस सांगावयास नको. असे बारा पावसाळे त्यांनीं तेथें काढले.

पुढें वांसद्यास चौदा वर्षें, मग नवसारी, आणि अखेर १७४२ सालीं उदवाडा. तेथें तो अग्नि आजहि तेवत आहे.