तराफ्यावरचा काळा रंग

१८१८ च्या हिवाळ्याच्या तोंडी थिओडोर झेरिको या २७ वर्षांच्या चित्रकाराने पॅरिसमध्ये आपले डोके भादरून घेतले. गडी छानछोकीचा, घोड्यांचा वेडा, मित्रमंडळींत रमणारा. डोक्यावर केसच नसले म्हणजे मेजवान्यांना जाववणार नाही, हा त्यामागचा हिशेब. फोबूर द्यु रूल या वस्तीत त्याने एक प्रशस्त चित्रशाळा भाड्याने घेतली, झामार नावाचा तरुण शिष्य सोबत ठेवला, जेवण तिथेच यावे अशी व्यवस्था केली, आणि पुढचे आठ महिने तो तिथून क्वचितच हलला. भिंतीशी उभा केलेला कॅनव्हास सुमारे १६ फूट उंच आणि साडेतेवीस फूट रुंद होता. चाळीतल्या तीन खोल्यांची जमीन उभी करून लावावी एवढा! हे चित्र काढायला त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याचे पैसेही कोणी कबूल केलेले नव्हते.

विषय दोन वर्षांपूर्वीचा, आणि सरकारला नकोसा. २ जुलै १८१६ रोजी ‘मेद्यूझ’ हे फ्रेंच लढाऊ जहाज सेनेगालला जाताना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. कप्तान शोमारे याने वीस वर्षांत धड जहाज हाकले नव्हते. राजनिष्ठा मात्र पक्की होती, आणि नेमणुकीला तेवढी पुरली. होड्या अपुऱ्या पडल्या, म्हणून डोलकाठ्या आणि फळ्या बांधून एक तराफा केला, त्यावर १४७ माणसे चढवली, आणि होड्यांनी तो ओढून न्यायचा असे ठरले. लवकरच दोर सुटले, किंबहुना सोडले गेले. १३ दिवसांनी ‘आर्गस’ जहाजाला तो तराफा सापडला तेव्हा १५ जण जिवंत होते. मधल्या काळात बंड झाले, माणसे माणसांवर तुटून पडली, मेलेल्यांचे मांस खाल्ले गेले. वाचलेल्यांपैकी शल्यवैद्य साव्हिन्यी आणि अभियंता कोरेआर यांनी ही हकीकत १८१७ मध्ये छापली.

झेरिकोने त्या दोघांना गाठले. तराफा बांधणाऱ्यांपैकी एक सुतार वाचला होता. त्याच्याकडून तराफ्याची लहान प्रतिकृती करवून घेतली आणि तीवर मेणाच्या बाहुल्या मांडून पाहिल्या. समुद्र आणि आकाश पाहण्यासाठी तो ल हाव्रला गेला. कावीळ झालेल्या एका मित्राचा पिवळा पडलेला चेहरा त्याला इतका आवडला, की त्याने तो तिथल्या तिथे रंगवायला घेतला. (आजारी मित्राला हे कितपत रुचले असेल कोण जाणे!) चित्रशाळेजवळच बोझों इस्पितळ होते. तिथून तुटलेले हातपाय आणून तो ते दिवसेंदिवस रंगवीत बसे. मांस कुजताना रंग कसा पालटतो हे त्याला पाहायचे होते. बिसेत्रहून आणलेले एका चोराचे मुंडकेही पंधरा दिवस छपरावर ठेवलेले होते.

आणि या चित्राच्या घडणीत मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढेच आहे. एवढी भीषण सामग्री गोळा करून तिच्यातले फारच थोडे त्याने फलकावर येऊ दिले. बंडाची रेखाटने केली आणि बाजूला ठेवली. मांसभक्षणाचे केले, तेही सोडले. सुटकेचा प्रसंगही टाकला. शेवटी निवडला तो क्षण क्षितिजावर ‘आर्गस’ दिसल्याचा. मूळ हकीकतीत या क्षणानंतर ते जहाज दिसेनासे होते, तराफ्यावरची माणसे हताश होऊन पडतात, आणि दोनेक तासांनी ते परत येते. चित्रातल्या माणसांना यातले काहीच ठाऊक नाही. कच्च्या रेखाटनांत जहाज चांगले मोठे होते. काम पुढे गेले तसतसे ते आक्रसत गेले, आणि अखेरच्या चित्रात एक ठिपका उरला. डावीकडे मांडीवर तरण्या पोराचे प्रेत घेऊन बसलेला म्हातारा पाठ फिरवून आहे. तिथून मानवी देहांचा ढीग उजवीकडे चढत जातो आणि फडके हलवणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाच्या पाठीशी संपतो. शिडात भरलेला वारा मात्र तराफ्याला उलट दिशेला ओढतो आहे.

टीकाकारांनी तेव्हाच विचारले, की १३ दिवस उपाशी असलेली ही माणसे पैलवानांसारखी कशी? प्रश्न रास्त आहे. उत्तर गेरँच्या शाळेत आणि इटलीत पाहिलेल्या मायकेलँजेलोमध्ये शोधावे लागते. पण त्या कुजक्या हातापायांचा अभ्यास वाया गेला असे मात्र मला वाटत नाही. तो आकारात नाही, कातडीच्या रंगात आहे. जिवंतांच्या अंगावरही ती हिरवट, मातकट झाक आहे.

रंगकामाची रीत त्याचा शिष्य मोंफोर याने जवळून पाहून सांगितली आहे. त्या काळचा चित्रकार आधी सगळ्या फलकावर तपकिरी रंगाचा पातळ थर देऊन छायाप्रकाश ठरवून घेई, मग हळूहळू वर चढे. झेरिकोने तसे केले नाही. पांढऱ्या कॅनव्हासवर फक्त बाह्यरेषा. मग एकेक मॉडेल समोर उभे करायचे, बराच वेळ नुसते पाहायचे, आणि थेट रंगवायला लागायचे. एवढ्या अवाढव्य फलकावर कुंचले मात्र लहान. तेल लवकर सुकणारे, त्यामुळे दिवसाचा तुकडा दिवसातच पुरा करावा लागे, ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र करणाऱ्यासारखा. उद्या मिसळू म्हणायची सोय नाही. चित्रशाळेत पूर्ण शांतता लागे. उंदराची खुडबुडही त्याला खपत नसे. सुटे सुटे रंगवलेले हे देह एकमेकांशी जुळले ते केवळ मांडणी आधीच पुरती बसवलेली होती म्हणून. पुढे स्वतः मोठा झालेला देलाक्रवा यातल्या एका पालथ्या पडलेल्या माणसासाठी मॉडेल झाला होता. अपुरे चित्र पाहून बाहेर पडल्यावर आपण वेड्यासारखे धावत सुटलो, असे त्यानेच सांगून ठेवले आहे.

पॅलेटवर हिंगूळ, सफेदा, नेपल्स यलो, पिवळ्या आणि तांबड्या मातीच्या छटा, प्रशियन ब्लू, दोन तऱ्हेचे काळे, आणि त्यांच्या जोडीला बिट्यूमन, म्हणजे डांबराच्या जातीचा रंग. ताजा असताना तो फार मोहक दिसतो. सावलीला मखमलीसारखी ऊबदार, पारदर्शक खोली येते. त्या पिढीतले अनेक चित्रकार त्याला भुलले. पण बिट्यूमन पुरते कधीच सुकत नाही. वर्षानुवर्षे ते आकसते, सुरकुतते, काळे पडत जाते. एकाच फलकावर झटपट सुकणारे तेल आणि कधीच न सुकणारे डांबर, अशी ही जोडी होती!

२५ ऑगस्ट १८१९ रोजी सालों प्रदर्शन उघडले. चित्राचे नाव होते नुसते ‘जहाज फुटल्याचे एक दृश्य’. पदक मिळाले, पण चित्र कोणी विकत घेतले नाही. १८२० मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ते तिकीट लावून मांडले तेव्हा सुमारे ४०,००० लोकांनी पाहिले. २६ जानेवारी १८२४ रोजी, ३२ व्या वर्षी, झेरिको वारला. त्याच वर्षी मित्राच्या खटपटीने चित्र लूव्रमध्ये गेले.

तोवर सावल्या गिळायला लागल्याच होत्या. मास्तुलाजवळच्या अंधारात त्याने साव्हिन्यी आणि कोरेआर यांना खरेखुरे समोर उभे करून रंगवले होते. बिट्यूमनचा घाला पडला तो अशाच गडद जागांवर. झालेला बिघाड दुरुस्त होण्याजोगा नाही, कारण दोष वरच्या धुळीत किंवा वॉर्निशात नसून रंगातच आहे. म्हणून १८५९-६० मध्ये रोंझा आणि गियमे या दोन चित्रकारांकडून त्याच मापाची एक नक्कल करून घेण्यात आली. मूळ चित्र लूव्रमध्ये आहे. नक्कल उत्तर फ्रान्समधल्या आमियँ शहरी, पिकार्दी संग्रहालयात.