वाचनालयातला गोष्टीचा तास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत बारा-चौदा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नसे. १८९० नंतरच्या दहा वर्षांत मुलांसाठी वेगळ्या खोल्या निघू लागल्या. तिथे बसकी टेबले असत आणि पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशी मांडलेली असत. पण दार उघडले म्हणून वाचनाची गोडी लागत नाही, आणि ज्यांच्या घरी इंग्रजी बोललीच जात नव्हती त्या मुलांना तर मुळीच नाही. गोष्टीचा तास या अडचणीतून जन्माला आला.

पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात युरोपातून आलेल्या मजुरांची दाट वस्ती होती. तिथल्या कार्नेगी वाचनालयात फ्रान्सेस जेन्किन्स ऑल्कॉट यांच्या बालविभागाने १८९९ च्या सुमारास हा तास नियमित सुरू केला. होमरची महाकाव्ये, उत्तर युरोपातल्या देवादिकांच्या कथा, रॉबिन हूड अशा लांबलचक कथा तिथे क्रमशः सांगितल्या जात. करमणूक हा हेतू दुय्यम होता. ऐकलेली कथा मुलाने पुढे स्वतः वाचावी, हा खरा उद्देश. गोष्ट सांगणे हे ग्रंथपालाच्या कामाचे अंग ठरले आणि लवकरच तिथे बालग्रंथपालांसाठी प्रशिक्षण शाळाही निघाली.

या कामाला कलेची शिस्त लावली ती इंग्लंडहून १९०० साली आलेल्या मारी शेडलॉक यांनी. हान्स अँडरसनच्या कथा त्या हातात पुस्तक न घेता, साध्या आवाजात सांगत. त्यांचे कथन ऐकून प्रभावित झालेल्या ॲन कॅरोल मूर तेव्हा ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधली मुलांची खोली सांभाळत होत्या. १९०६ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाची सूत्रे हाती आल्यावर मूर यांनी तिथल्या शाखांतून हा तास रुजवला. टेबलावर ताजी फुले, शेजारी गोष्टीचे पुस्तक आणि पेटवलेली मेणबत्ती. गोष्ट पाठ केलेली असे. शेवटी मुले मनातल्या मनात एक इच्छा धरत आणि मेणबत्ती विझवली जाई. ऐकणारी मुले साधारण शाळकरी वयाची. तान्ह्या-रांगत्यांचा विचार अजून कुणी केला नव्हता.

याच काळात अमेरिकी वाचनालयांची पद्धत मराठी राज्यकर्त्याच्या संस्थानातही पोहोचली. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्याला आणले आणि तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले.

न्यूयॉर्कच्या शिस्तीला एक मर्यादा होती. गोष्ट छापील पुस्तकातलीच हवी, असा दंडक होता. ज्या समाजाच्या कथा इंग्रजीत छापल्याच नव्हत्या, त्यांची मुले या तासाला केवळ पाहुणी ठरत. हा अडसर दूर केला पुरा बेलप्रे यांनी. पोर्तो रिकोहून आलेल्या बेलप्रे १९२१ मध्ये हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत कामाला लागल्या. पुस्तकांच्या कपाटांत त्यांना आपल्या बेटाची एकही लोककथा सापडेना. मग आजीकडून ऐकलेली पेरेझ उंदीर आणि मार्टिना झुरळीण यांची गोष्ट त्यांनी स्वतः लिहून काढली, आणि छापील नसतानाही ती सांगण्याची परवानगी मिळवली. १९२९ पासून ११५ व्या रस्त्यावरच्या शाखेत त्या इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत गोष्टी सांगू लागल्या, बाहुल्यांचे खेळ करू लागल्या, सहा जानेवारीला तीन राजांचा ख्रिस्ती सण वाचनालयात साजरा करू लागल्या. त्यामुळे मुलांबरोबर आयाही आत आल्या. पेरेझ आणि मार्टिना १९३२ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. गोष्टीच्या तासाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वळण हेच: तोवर मुलाने वाचनालयाच्या भाषेकडे यायचे होते, आता वाचनालय मुलाच्या भाषेकडे गेले.

१९३७ मध्ये १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत आलेल्या ऑगस्टा बेकर यांनी हेच काम कृष्णवर्णीय मुलांसाठी केले. ज्या पुस्तकांत ही मुले विदूषक किंवा नोकर म्हणून रंगवलेली नाहीत, अशा पुस्तकांची त्यांनी यादी केली. ती पुढे अनेकदा सुधारून निघाली. १९६१ मध्ये त्या सबंध न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयाच्या बालसेवांच्या प्रमुख झाल्या.

दरम्यान श्रोते वयाने लहान होत गेले. रंगीत चित्रपुस्तके भरपूर निघू लागली, तेव्हा डेट्रॉईटसारख्या शहरांनी १९३० नंतर शाळेआधीच्या वयासाठी चित्रपुस्तकांचा तास सुरू केला. पुस्तक आता टेबलावर राहिले नाही. पाने मुलांकडे वळवून दाखवली जाऊ लागली. पाठांतर मागे पडले. सुरुवातीला अनेक ठिकाणी आयांना बाहेर थांबायला सांगत. पुढच्या काळात तान्ह्या बाळांना मांडीवर घेऊन बसायचे वर्ग निघाले, तेव्हा पालक आत आले. २००४ पासून अमेरिकी सार्वजनिक वाचनालय संघटनेने वाचनपूर्व कौशल्यांचा कार्यक्रम देशभर नेला. आता ग्रंथपाल बडबडगीत म्हणता म्हणता थांबतात आणि आईवडिलांना सांगतात, की शब्दांतले ध्वनी असे लांबवून म्हटले की मुलाला ते वेगळे ऐकू येतात, आणि हेच घरीही करा.