ठगाचा कबुलीजबाब आणि वाचकाची सावधगिरी

रहस्यकथेचा उगम शोधणारे अभ्यासक सामान्यतः अमेरिकेत एडगर ॲलन पो याच्यापाशी येऊन थांबतात. पॅरिस शहरातील खुनांचा छडा लावणारी त्याची प्रसिद्ध कथा १८४१ साली छापली गेली. परंतु त्याच्या आधी दोन वर्षे, १८३९ मध्ये, लंडनच्या बेंटले या प्रकाशकाने तीन खंडांची एक कादंबरी बाहेर काढली होती, आणि तिचे बीज रुजले होते ते हुमनाबाद-तुळजापूरच्या मुलखात. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब, हे तिचे नाव. आज बीदर व कलबुर्गी हे जिल्हे कर्नाटकात आहेत आणि तुळजापूर महाराष्ट्रात आहे; पण त्या काळी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि मराठी, कानडी, दखनी या तिन्ही भाषा त्याच्या बाजारांतून एकाच वेळी कानी पडत असत.

कादंबरीचा लेखक फिलिप मेडोज टेलर हा १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मला. १८२४ मध्ये एका व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी मिळेल या आशेने तो मुंबईस आला. ते जमले नाही आणि तो निजामाच्या लष्करात शिरला. वयाची विशी उलटण्यापूर्वीच राज्याच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांतील पोलीस व्यवस्था त्याच्याकडे आली. हुमनाबाद ही तेव्हा या भागातील भरभराटीची पेठ होती. तेथे असताना रस्त्याच्या आसपास अनोळखी प्रवाशांची प्रेते सापडत असल्याच्या वार्ता टेलरच्या कानी येऊ लागल्या. प्रेते कोणाची, मारेकरी कोण, याचा पत्ता गावकऱ्यांना लागेना. तपास हाती धरावा, तोच टेलरला पलटणीत परत बोलावण्यात आले. आपल्याला तेथे राहू दिले असते तर ठगीचा उलगडा जगापुढे प्रथम आपणच केला असता, ही हळहळ त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद करून ठेवली आहे. ते श्रेय स्लीमन याला मिळाले. आणि त्या स्लीमनची गोष्ट तरी काय वेगळी? नरसिंगपूरला तो न्यायाधिकारी असताना त्याच्या कचेरीपासून एका मजलेच्या अंतरावरील आमराईत ठग प्रवाशांना पुरीत होते, आणि त्याला वर्षानुवर्षे त्याची गंधवार्ताही नव्हती.

पुढे स्लीमनची मोहीम निजामाच्या राज्यात पोहोचली, तेव्हा हैदराबादजवळील बोलारम येथे माफीच्या साक्षीदारांचे जबाब नोंदवून घेण्याचे काम टेलरने केले. या नोंदींतूनच कादंबरी उभी राहिली. तरुण व्हिक्टोरिया राणी नुकतीच गादीवर बसली होती. पुस्तकाची मुद्रिते तपासून होतील तसतशी ती आपल्याकडे धाडावीत, अशी तिने इच्छा दर्शविली होती, असे टेलर सांगतो. लेखकास यापेक्षा मोठी पावती कोणती मिळणार!

सवडीने पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने पाहिले तर ही कादंबरी अद्याप शिळी झालेली नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयाने आणि झुंजारने ज्यांच्या रात्री जागविल्या, त्या वाचकांना येथे एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. येथे चतुर नायक गुन्हेगाराला गाठीत नाही. गुन्हेगार पकडला गेलेलाच आहे, तोच बोलतो आणि साहेब बहुधा मुकाट्याने ऐकतो. अमीर अली हा रूपवान, गोडबोल्या, घरंदाज वागणुकीचा मनुष्य आहे. सातशे एकोणीस माणसांच्या हत्येत आपला हात होता असे तो सांगतो, आणि मध्ये बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजाराचा आकडा गाठला असता, म्हणून खंत करतो. प्रवाशांशी स्नेह जोडणे, त्यांच्या पंक्तीला बसणे, तंबाखू आणण्याची साधी हाक हीच खुणेची ठरविणे, त्या हाकेसरशी रुमाल गळ्याभोवती आवळणे, आणि मग मंतरलेला गूळ वाटून खाणे, हे सारे तो अशा निवांत स्वरात सांगतो की वाचकाला त्याचा सहवास आवडू लागतो. आपल्याला तो आवडू लागला आहे हे ध्यानात येते, त्या क्षणी खरे भय वाटते. मधले काही भाग लांबले आहेत, एकामागून एक येणारे खून कंटाळा आणतात. ते खुशाल भराभर चाळावेत. कथेच्या शेवटी एक दारुण उलगडा आहे. तो येथे सांगणे म्हणजे पुस्तकाचा गळा आवळण्यासारखे होईल.

परंतु पुस्तकाच्या प्रस्तावनेत टेलरने एक विधान केले आहे, आणि खरी अडचण तेथे आहे. ही कथा जवळजवळ सर्व सत्य असून घटना जोडण्यापुरतीच कल्पनेची भर घातली आहे, असे तो म्हणतो. इंग्लंडातील वाचकांनी हा शब्द प्रमाण मानला आणि कादंबरीलाच इतिहास समजले. वस्तुतः ज्या जबाबांवर ती रचलेली आहे ते जबाब देणारांच्या डोक्यावर फाशीची टांगती तलवार होती. जो अधिक नावे सांगेल, अधिक मढी उकरून दाखवील, त्याचे प्राण वाचत. मढी खरीच सापडली, तेव्हा खून खोटे नव्हते. पण १८३६ च्या तिसाव्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध झाला तरी जन्मठेप देता येऊ लागली, आणि तो संबंध सिद्ध होई तो मुख्यतः अशाच माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून. त्या साक्षीत नाव आले म्हणून जे गेले, त्यांतले निर्दोष किती, याचा हिशेब अमीर अलीच्या रसाळ वाणीत कोठेच लागत नाही. अलीकडच्या इतिहासकारांनी, विशेषतः राधिका सिंघा व किम वॅग्नर यांनी, या जबाबांची फेरतपासणी केली आहे. वॅग्नर यांचा ग्रंथ २००७ चा. ठगी ही निव्वळ इंग्रजांची कल्पना होती असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस ते बसत नाहीत. मात्र वंशपरंपरेने देवीला नरबळी देणारा अखिल हिंदुस्थानी पंथ, हे चित्र त्यांच्या कसोटीला उतरत नाही.

या देवीविषयी सीमाभागातील वाचकाला विशेष बोचेल. अमीर अलीची भवानी ही खुनाचे शकुन देणारी देवता आहे, आणि परदेशी वाचकाच्या मनात तिचे तेच रूप ठसले. फ्रान्समध्ये यूजेन स्यू याने १८४४ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत एक ठग आणून बसविला, आणि पुढे चित्रपटांनीही तोच कित्ता गिरविला. टेलर स्वतः मात्र तेथे थांबला नाही. सुरपूरचा कारभार आणि नळदुर्गची जिल्हेदारी यांत त्याची पुढील वर्षे गेली. सुरपूर आता यादगीर जिल्ह्यात आहे, पूर्वी ते गुलबर्ग्यात मोडत असे. १८६३ साली त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिचा काळ अफझलखानाच्या स्वारीचा आणि तिची नायिका तुळजापूरची ब्राह्मण कन्या. येथे भवानी ही त्याच देवळात, त्याच डोंगराच्या कुशीत, भाविक घरांची आई म्हणून येते. रहस्याचा भाग ‘तारा’मध्ये बेताचाच आहे, त्यामुळे ती पहिल्या पुस्तकाइतकी कधी गाजली नाही. पण ज्यांना ‘ठग’ वाचून झोप येईनाशी होईल, त्यांनी लगेच ‘तारा’ हाती घ्यावी. एकाच लेखणीने चोवीस वर्षांच्या अंतराने काढलेली एकाच देवीची दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवता येतील.

आणि ज्यांच्या तोंडून ही कथा निघाली त्या माफीच्या साक्षीदारांचे काय झाले? त्यांचे गळे वाचले, पण सुटका झाली नाही. जबलपूर येथे त्यांच्यासाठी एक उद्योगशाळा काढण्यात आली, आणि तेथे ते व त्यांची मुले तंबू शिवीत व गालिचे विणीत राहिली.