हमीचा पैसा

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या आगगाडीला साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली होती. १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे बसले होते. सोहळ्याचे वर्णन आपण शाळेपासून वाचतो. ती गाडी ज्या करारावर धावली, तो मात्र फारसा कुणी वाचत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमध्ये भांडवल उभारणारी खासगी कंपनी होती. १८४९च्या करारानुसार ईस्ट इंडिया कंपनीने तिला ९९ वर्षांसाठी जमीन फुकट दिली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. उत्पन्न कमी पडले तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून, भरून निघायचा. याच रेल्वेच्या मार्गासाठी भोरघाटात हजारो मजुरांनी सह्याद्री फोडला, पटकीने आणि अपघातांनी त्यांतले कित्येक दगावले. लंडनच्या भागधारकाचे व्याज मात्र चुकत नव्हते. हिंदुस्थान सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली संसदीय समितीपुढे स्पष्टच सांगितले, की व्याजाची हमी असताना आपला पैसा हुगळीत बुडतो की विटा-चुन्यात जातो, याची गुंतवणूकदाराला फिकीर नसते. नफा खासगी आणि जोखीम रयतेची, असा हा व्यवहार होता.

स्वातंत्र्यानंतर पैशाची वाट बदलली. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडायचे, अशी योजना होती. १९५९ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला अडीच कोटी डॉलरचे कर्ज दिले. ती खैरात नव्हती. परतफेड परकी चलनात करायची होती. पण धरण आणि वीजगृह राज्याच्या मालकीचे राहिले, आणि इथले अभियंते मोठी जलविद्युत योजना चालवायला शिकले. हिशेबाची दुसरी बाजू धरणग्रस्तांची. त्यांच्या पुनर्वसनाची लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालली. कर्ज स्वस्त असले तरी विस्थापनाची किंमत त्यात धरलेली नव्हती.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी गुंतवणुकीचे वारे वाहू लागले. १९९२ साली एन्रॉन ही अमेरिकी कंपनी गुहागर तालुक्यात अंजनवेलला वीजप्रकल्प उभारायला आली. १९९३ साली जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून अर्थसाहाय्य नाकारले. तरीही त्याच वर्षी राज्य वीज मंडळाने करारावर सही केली. मंडळाने वीज घेवो अथवा न घेवो, क्षमतेचा ठरलेला आकार द्यायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. त्यावर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी.

१९९५ साली राज्यातल्या नव्या सरकारने करार रद्द केला, नंतर वाटाघाटी करून तो पुन्हा केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज महाग पडली, मंडळाची बिले थकली, कंपनीने हमी वटवायला काढली. २००१च्या मध्यावर प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. या व्यवहाराचा आढावा घेणाऱ्या माधव गोडबोले समितीने करारांवर कडक टीका केली. भारतीय वित्तसंस्थांचा पैसा अडकला होता. २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे येऊन हा डोलारा सावरावा लागला.

या तिन्ही कहाण्यांत परदेशी कर्जाची मदत श्रेष्ठ की परदेशी गुंतवणूक, याचा फैसला पैशाच्या नावावरून होत नाही. फळ यायला दशके लागतात, अशा धरणाला किंवा भुयारी मेट्रोला लांब मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज मानवते. मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोसाठी ‘जायका’ या जपानच्या सरकारी सहकार्य संस्थेचे कर्ज घेतले, ते म्हणूनच. अर्थात वाढीव खर्चाचा भार तिथेही सरकारवरच पडला. गुंतवणूकदाराचे स्वागत जरूर करावे, पण तोट्यातही त्याचा वाटा हवा. नफ्याचीच हमी दिली, तर प्रकल्प नीट पारखण्याची गरज त्याला उरत नाही. म्हणून हमी, चलन आणि दर यांची कलमे सही होण्याआधी विधिमंडळात आणि लोकांसमोर यायला हवीत. ज्यांच्या कराच्या आणि वीजबिलाच्या पैशातून पुढची कित्येक वर्षे हप्ते जाणार, त्यांचा तो हक्क आहे.