सायकलवरचं बिऱ्हाड

हैदराबादहून निघायचं, अनंतगिरीच्या डोंगरात तंबूत रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परतायचं, असा बेत आखणाऱ्या नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठली सायकल घेऊ? या छंदाचं कूळ पाहिलं तर तो प्रश्न दुय्यम ठरतो. सायकलवर बिऱ्हाड बांधायची युक्ती रूढ केली ती लंडनच्या एका शिंप्याने.

टॉमस हायरम होल्डिंग हा नामांकित शिंपी. कोट कसे बेतावेत, लष्करी गणवेश कसे शिवावेत, यावर त्याने पुस्तकं लिहिली होती. 1853 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, आईवडिलांबरोबर गाड्यांच्या तांड्यातून त्याने अमेरिकेतलं माळरान ओलांडलं होतं. उघड्यावर मुक्काम करायची गोडी तिथेच लागली. पुढे दोन सारख्या चाकांची सायकल आली, 1888 मध्ये डनलॉपने हवेचं टायर आणलं आणि लांबचा पल्ला सायकलच्या आवाक्यात आला. अडचण होती ती सामानाची. त्या काळचे तंबू जाड कॅनव्हासचे, वाहायला जनावर लागावं असे. होल्डिंगने कापड बदललं. रेशीम घेतलं आणि तंबू माणसाच्या मापाने बेतला. मित्रांबरोबर आयर्लंडच्या कॉनेमारा भागात केलेल्या सफरीवरचं त्याचं पुस्तक 1898 मध्ये आलं. त्यातून समानधर्मी जमले आणि 1901 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे 13 जणांच्या तळावर सायकलवरून मुक्काम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. आजचा ‘कॅम्पिंग अँड कॅरॅव्हानिंग क्लब’ तो हाच.

त्याच सुमारास हिंदुस्थानात या कुळाची दुसरी शाखा फुटत होती. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन दांपत्य 1897 च्या अखेरीपासून इथे सायकलने हिंडलं. आसपासचे देश धरून त्यांची मजल 14,000 मैलांवर गेली. त्यांच्या सायकलींवर काय होतं? चहा, साखर, बिस्किटं, चीज, डबाबंद मांस, पाणी, उशा, माणशी एक घोंगडी, लिहिण्याचं साहित्य, औषधं आणि पंक्चरची हत्यारं. रात्री निवारा मिळेल तिथे काढायच्या, प्रसंगी स्टेशनच्या वेटिंग रूममध्येही. पंक्चरं मात्र एका दिवसात चाळीसपर्यंत जात. दख्खनच्या रस्त्यांवर बाभळीच्या काट्यांशी गाठ पडलेल्याला हा आकडा फुगवलेला वाटणार नाही.

या शाखेचं सर्वांत धाडसी पान मुंबईकरांनी लिहिलं. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे 44,000 मैल तुडवून मार्च 1928 मध्ये घरी परतले. त्यांच्या प्रवासवर्णनाला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची आहे.

तिसरी शाखा अलीकडची. अलास्कात 1987 पासून बर्फातल्या सायकल शर्यती होऊ लागल्या. अशा वाटेवर लोखंडी कॅरिअर आणि बाजूच्या लोंबत्या पिशव्या म्हणजे खोळंबाच. मग सामान थेट सायकलच्या अंगालाच बांधायची पद्धत रुळली : फ्रेमच्या त्रिकोणात एक पिशवी, सीटमागे दुसरी, हँडलवर वळकटी. एरिक पार्सन्ससारख्या स्वारांनी अशा पिशव्या आधी स्वतःच मशीनवर शिवल्या आणि मग त्याचाच धंदा केला. शिंप्यापासून निघालेली वाट पुन्हा शिलाई मशीनपाशीच आली.

हैदराबादेत पहिली सफर आखताना या तिन्ही शाखा कामाला येतात. चेवेळ्ळ्याच्या जुन्या वडांखालून जाणाऱ्या वाटेने अनंतगिरी सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. खाली विकाराबादला रेल्वे स्टेशन आहे, म्हणजे काही बिनसलं तर परतीची सोय आहे. वाटेत गावं लागतात, चहाच्या टपऱ्या लागतात, त्यामुळे स्टोव्ह आणि भांडी घरीच ठेवता येतात; हा वर्कमन दांपत्याचा धडा. जंगलात मनमानी तंबू ठोकता येत नाही, परवानगी घ्यावी लागते, म्हणून मुक्कामाची जागा आधी ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, पण डोंगरावर पहाटे थंडी बोचते. तेव्हा जाड पांघरूण घ्या आणि जास्तीचे कपडे वगळा. आउटर रिंग रोडच्या कडेने 2023 मध्ये सुरू झालेला, सौर पॅनेलांच्या छताचा 23 किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे. सगळं सामान लादून आधी तिथे एक फेरी मारा. कुठली पिशवी चाकाला घासते आणि कुठला पट्टा सैल पडतो, ते घराजवळच कळेल.

आणि नवी सायकल घेण्याआधी घरातल्या सायकलच्या फ्रेमचा त्रिकोण पुठ्ठ्यावर आखून कापा, तो पुठ्ठा आणि जाड नायलॉनचं कापड घेऊन गल्लीतल्या शिंप्याकडे जा. पहिल्या सफरीला एवढी खरेदी पुरते.